दारात अडकलेले सोन्याचे ठिपके

"ताई, कात्री धरता येत नाहीये."

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ऋषीचा फोन आला. मी हिऱ्याच्या सुरीने काप घेत होते. स्नायूचा तिळाएवढा कण राळेत घट्ट बसवायचा आणि त्याचे इतके पातळ काप काढायचे, की एका केसाच्या जाडीत हजारभर बसावेत. पाण्यावर तरंगताना ते चांदीसारखे दिसतात. एकोणीस वर्षं मी हेच करत होते. काप घेताना मी कुणाचा फोन उचलत नसे. धाकट्या भावाचा मात्र उचलायची.

"कुठली कात्री?" मी मूर्खासारखं विचारलं.

"माझीच. दुकानातली. अंगठा मिटतच नाही. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि मी नुसता कापडाकडे बघतोय."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिवस झाले. आधी वाटलं, हात अवघडला असेल."

"आणि पाय?"

"पायांचं विचारू नकोस," तो म्हणाला.

पहिल्यांदा मी चिडले ती त्याच्यावर, वीस दिवस लपवून ठेवलं म्हणून. मग फोन ठेवला आणि माझे कान तापले. कारण मी स्वतः आठ महिने लपवून ठेवलं होतं.

आमचे बाबा कराडचे शिंपी. चाळिशीत त्यांची पावलं लुळी पडली. पंचेचाळिशीत बोटं गेली. मशीन आईने चालवायला घेतलं आणि बाबा शेजारी खुर्चीवर बसून तिला माप सांगत राहिले. आजोबांचंही तेच झालं होतं. हा आजार निम्म्या मुलांत उतरतो. मी सुटले, ऋषी सापडला. सव्विसाव्या वर्षी त्याच्या पायांना आधाराच्या पट्ट्या लागल्या. बाबांपेक्षाही लवकर.

आजार पेशींच्या आतला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तंतुकणिका, शाळेच्या पुस्तकात घेवड्याच्या बियांसारख्या सुट्या सुट्या काढलेल्या असतात. जिवंत पेशीत त्या तशा नसतात. त्या सारख्या एकमेकींना जुळतात, त्यांचे लांब धागे होतात, पुन्हा तुटतात. जुळल्या की आतला माल एक होतो. एकीत जे कमी पडलं असेल ते दुसरीतून भरून निघतं. कमरेपासून पावलापर्यंत जाणारी मज्जातंतूची एकेक पेशी जवळजवळ मीटरभर लांब असते. इतक्या लांबच्या टोकाला ऊर्जा पोचवायची तर हे जुळणं थांबून चालत नाही. आमच्या घराण्यात जुळवणारं प्रथिनच एका अक्षराने चुकलेलं आहे. म्हणून सगळ्यांत लांबची टोकं आधी वाळतात. आधी पावलं, मग बोटं.

मी कोल्हापुरात ज्या कंपनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांभाळायची, तिथे २०३८ साली या आजारावर उपचार तयार झाला. नाव ठेवलं 'सांधक'. हे नव्याने रचलेलं प्रथिन होतं, जुळवायचं काम करणारं. त्याचा जनुक पाठीच्या कण्यातून एकदाच टोचायचा. मग पेशी ते प्रथिन जन्मभर स्वतःच तयार करणार. डॉ. विक्रांत सबनीस या उपचाराचे कर्ते. त्यांनी ते प्रथिन मुद्दाम भक्कम केलं होतं. नैसर्गिक प्रथिन लवकर मोडतं, त्यांचं महिनोन्‌महिने टिकायचं. परिषदेत ते अभिमानाने सांगायचे, "हे मोडायला पेशीला घाम फुटतो."

चाचणीसाठी तीनशे चाळीस रुग्ण घेतले. ऋषी एकशे बारावा. त्याला तयार करायला मला दोन महिने लागले.

"मला उंदीर करू नकोस, ताई," तो म्हणायचा.

"अरे, फोटो मी काढणार आहे," मी म्हणायचे. "काही वावगं झालं तर सगळ्यांत आधी मला दिसेल."

हे माझे शब्द. आई साक्षीला होती.

तिसऱ्या महिन्यात ऋषीने पट्ट्या काढल्या. सहाव्या महिन्यात तो सदाशिवगड चढला आणि वरून मला व्हिडिओ केला. धापा टाकत हसत होता. दहाव्या महिन्यात त्याचं अमृताशी लग्न झालं. पोरीच्या वडिलांनी आधी नकार दिला होता, तो त्यांनी मागे घेतला. मांडवात डॉ. सबनीस आले तेव्हा आईने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मला ते आवडलं नाही.

चौदाव्या महिन्यात सगळ्या रुग्णांच्या पोटरीतले कण तपासायला आले. प्रथिन आत नेमकं कुठे आहे हे साधं पाहून कळत नाही, सगळं राखाडी दिसतं. म्हणून त्या प्रथिनालाच जाऊन चिकटेल असा एक रेणू घेतात आणि त्याला सोन्याचा कण लावतात. काप त्यात भिजवायचा, जास्तीचं सोनं धुऊन टाकायचं. मग जिथे काळा ठिपका तिथे आपलं प्रथिन.

ठिपके तंतुकणिकांच्या आत दिसायला हवे होते. चौतिसाव्या रुग्णाच्या कापात ते कडेला दिसले. बाहेरच्या आवरणावर, ओळीने, एकापुढे एक.

याचा अर्थ समजायला डॉक्टर असावं लागत नाही. तंतुकणिका स्वतःची प्रथिनं फारशी स्वतः करत नाहीत. तेरा करतात. बाकीची हजारभर बाहेर तयार होतात आणि ती आत घ्यावी लागतात. प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला पत्ता असतो, तो ओळखून आवरणातलं दार त्याला घेतं. पण दार अरुंद. घडी पडलेलं प्रथिन त्यातून जात नाही. ते उलगडून, दोऱ्यासारखं सरळ करून आत ओढलं जातं, जसा सुईच्या नेढ्यातून दोरा. दोऱ्याला गाठ असेल तर तो अर्ध्यात अडकतो, आणि मग त्या नेढ्यातून दुसराही दोरा जात नाही. डॉ. सबनीसांचं भक्कम प्रथिन दारात पोचायच्या आतच घट्ट गाठ होऊन बसत होतं. निम्मं आत, निम्मं बाहेर. सुरुवातीला थोडीच दारं बुजली, म्हणून रुग्ण चालले, गड चढले. पण मज्जापेशी नव्या होत नाहीत. दारं एकेक करून बुजत जाणार. आणि आत जाऊ न शकलेली शेकडो इतर प्रथिनं बाहेर गोळा होऊन पेशीचाच गळा दाबणार.

मी चित्रं घेऊन डॉ. सबनीसांकडे गेले. त्यांनी पडद्यावर दोन मिनिटं पाहिलं.

"सारिका, धुणं नीट झालेलं नाही," ते म्हणाले. "सोनं कुठेही चिकटतं. तू मला हे शिकवायचंस, मी तुला नव्हे."

मी पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा केलं. तेव्हा त्यांनी चहा मागवला.

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हात बिघडला असेल तर त्यात लाज नाही," ते हसून म्हणाले. "चाळिशी आली. डोळे तपासून घे. आणि परीक्षक काय म्हणतोय ते बघ."

परीक्षक म्हणजे चित्रं निवडणारा संगणक. चांगलं चित्र कोणतं आणि वाईट कोणतं हे त्याला डॉ. सबनीसांनी निवडलेल्या चित्रांवरूनच शिकवलं होतं. कडेला ठिपके असलेली माझी दोनशे अकरा चित्रं त्याने बाजूला काढली. प्रत्येकाखाली एकच शेरा होता, 'तंत्रज्ञाचा दोष'. अहवालात त्यातलं एकही गेलं नाही.

आणि मी? मी गप्प बसले. भीतीने नव्हे. तेव्हा ऋषी अमृताला घेऊन महाबळेश्वरला पायी फिरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझं काम खरोखरच वाईट असू दे. देवाजवळ मी तेच मागत होते, की माझा हात चुकलेला असू दे.

फोन आला त्याच दुपारी मी कराडला गेले. दुकान उघडं होतं. ऋषी मशीनमागे बसलेला. अमृता खाली बसून ब्लाउजची शिवण उसवत होती. पायांना पुन्हा पट्ट्या होत्या. मी त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर गोळा असतो तो सपाट झाला होता. बाबांचा अगदी असाच झाला होता.

मी बसले आणि सगळं सांगितलं. ठिपके, दारं, धुणं, आठ महिने. एक शब्द गाळला नाही.

अमृताचं उसवणं थांबलं.

"म्हणजे मी लग्न केलं तेव्हा?" ऋषीने विचारलं.

"तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर चार महिन्यांनी कळलं."

"चार महिन्यांनी. म्हणजे आपण दिवाळीला सगळे एकत्र होतो तेव्हा तुला माहीत होतं. मी आईला उचलून अंगणात फिरवलं. तू फोटो काढलेस."

"हो."

"बाबांना निदान कुणी फसवलं नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. "त्यांचे पाय त्यांचे त्यांनी गेले. माझ्या पायांवर तू सही केलीस."

"ऋषी, मी…"

"माफी मागू नकोस. मला नको तुझी माफी. आता काय करणार आहेस ते सांग. काही करता येण्यासारखं आहे का?"

होतं. तेच तर सगळ्यांत संतापजनक होतं. कायमचा जनुक टोचायचा असेल तर तो बंद करणारं औषधही तयार ठेवायचं, असा तेव्हा नियम झाला होता. कंपनीने ते केलंही होतं. तळघरातल्या शीतपेटीत तीनशे चाळीस जणांना पुरेल एवढं पडून होतं. नवं प्रथिन येणं थांबलं की पेशी अडकलेल्या गाठी हळूहळू ओढून काढते, दारं मोकळी होतात. मात्र जी टोकं मेली ती मेली. म्हणजे प्रत्येक आठवडा कुणाच्या तरी बोटांचा होता.

"मग ते देत का नाहीत?" अमृताने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

"दिलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. आणि देशभर वापरायच्या परवान्याची बैठक पुढच्या महिन्यात आहे."

अमृताने हातातला ब्लाउज खाली ठेवला. "माझ्या वडलांना मी काय सांगू?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. सबनीसांच्या खोलीत दार न वाजवता गेले.

"ऋषीचा हात गेला," मी म्हणाले.

ते उभे राहिले. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. कदाचित वाटलंही असेल. "आजार आहे तो, सारिका. काही जणांत तो उपचाराला दाद देत नाही."

"बावीस महिन्यांत? बाबांना पावलांपासून बोटांपर्यंत यायला पाच वर्षं लागली. हा आजार नाही, सर. ही तुमची गाठ आहे."

"तू तंत्रज्ञ आहेस."

"म्हणूनच मला माहीत आहे धुणं कसं असतं ते! धुणं चुकलं तर ठिपके सगळीकडे पडतात. केंद्रकावर, रिकाम्या जागेत, कुठेही. ओळीत उभे राहत नाहीत. तीन वेळा केलं मी. तिन्ही वेळा तुम्ही मला चहा पाजलात."

"समज, तू म्हणतेस ते थोडंफार खरं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आपण प्रथिनात सुधारणा करू. पुढची आवृत्ती तयार होते आहे. पण आज हे थांबलं तर कुणी पुन्हा या आजाराला हात लावणार नाही. वीस वर्षं. तुझ्या भावासारखी हजारो माणसं खुर्चीत बसतील."

"त्यांना विचारा मग! तीनशे चाळीस जणांना विचारा, की पुढच्या आवृत्तीसाठी तुमची बोटं देता का?"

"आवाज खाली."

"नाही करणार."

जेवणाच्या सुट्टीनंतर माझं ओळखपत्र दारावर चालेना. पहारेकरी महादेव मला एकोणीस वर्षं ओळखत होता. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, वरून आलंय." माझा डबा त्याने आतून आणून दिला.

मिरजेला डॉ. अन्वर मुजावर म्हणून मज्जातज्ज्ञ आहेत. चाचणीतले पाच रुग्ण त्यांचे होते, ऋषी त्यातला एक. मी गेले तेव्हा त्यांनी टेबलाचा खण उघडून कंपनीची चार पत्रं समोर टाकली. चौघांचे हात जात होते. चारही पत्रांत एकच वाक्य होतं, 'आजाराची नैसर्गिक वाटचाल'.

"मी तीन महिने यांना लिहितोय," ते म्हणाले. "मला वाटत होतं, माझंच निदान चुकतंय. सारिकाताई, तुम्ही आधी का नाही आलात?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, कागद ओढला आणि तक्रार लिहायला घेतली. पाचही रुग्णांनी सह्या केल्या. ऋषीने पेन मुठीत धरून सही केली.

परवाना समितीने आम्हाला पुण्यात अर्धा तास दिला. अध्यक्ष डॉ. कल्पना खरात, विकृतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. सत्तरीच्या पुढच्या, कानाला यंत्र, चेहऱ्यावरची रेष हलणार नाही. डॉ. सबनीस दोन वकील घेऊन आले होते. त्यांनी माझी चित्रं स्वतःहूनच दाखवली.

"या तंत्रज्ञ बाईंचा भाऊ रुग्ण आहे," ते म्हणाले. "मला त्यांच्याविषयी सहानुभूती आहे. पण ही चित्रं म्हणजे धुण्यातला दोष आहे, आणि हे परीक्षकाने स्वतंत्रपणे ठरवलेलं आहे."

"स्वतंत्रपणे?" मी उठले. "मॅडम, माझ्या हातावर विश्वास ठेवू नका. माझा हात काढूनच टाका. तुमचा माणूस धुऊ दे. मुजावर डॉक्टर सहा कण देतील. तीन सांधक घेतलेल्यांचे, तीन हाच आजार असलेल्या पण सांधक न घेतलेल्यांचे. कुठला कुणाचा ते पाकिटात बंद. सहाही एकाच ताटलीत, एकाच पाण्याने धुवा. दोष धुण्याचा असेल तर ठिपके सहाही जणांच्या कडेला दिसतील."

वकील उठले. डॉ. खरातांनी त्यांना हातानेच बसवलं.

"डॉ. सबनीस, तुमची हरकत?"

"अशा बाजारू परीक्षेला शास्त्र म्हणत नाहीत."

"मी चाळीस वर्षं हेच करत आले," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी. सरकारी प्रयोगशाळेत. यंत्रावर मी स्वतः बसेन."

न घेतलेल्या तिघांत आमची सुमनआत्या होती, बाबांची चुलत बहीण. चाकाच्या खुर्चीवर मिरजेला आली. डॉ. मुजावरांनी भूल देऊ का विचारलं, तर म्हणाली, "तिथं काही कळतच नाही मला. काप बाबा. ऋषीचं वाटोळं केलं त्यांनी."

गुरुवारी प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही नऊ जण दाटीने उभे होतो. यंत्र जुनं होतं, त्याला परीक्षक नव्हता. हिरवट पडदा आणि त्यावर जे दिसेल ते. समितीच्या तंत्रज्ञाने सहाही काप बनवले होते आणि धुतले होते. मी आठवडाभर त्या इमारतीत पाऊल टाकलेलं नव्हतं. डॉ. खरातांनी पहिला काप लावला. त्या प्रत्येक कापात वीस जागा पाहत आणि कागदावर खूण करत. मला पडद्याचा कोपराच दिसत होता.

सहावा झाल्यावर त्यांनी दिवा लावला. "दोन, तीन आणि सहा," त्या म्हणाल्या. "या तिघांत सोनं दारात अडकलेलं आहे. उरलेल्यांत सोनं औषधालासुद्धा नाही. पाकीट फोडा."

डॉ. मुजावरांनी पाकीट फोडलं. दोन, तीन, सहा. सहावा ऋषी होता.

डॉ. सबनीसांनी रुमालाने चष्मा पुसला. मला वाटलं, आता तरी मान खाली घालतील. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"यांना हे आठ महिने माहीत होतं," ते म्हणाले. "यांनी समितीला एक ओळ लिहिली नाही. भावाला त्रास होईपर्यंत वाट पाहिली. हेही नोंदीत घ्या."

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं. पण ते खोटं बोलत नव्हते. त्या संपूर्ण प्रकरणात ते पहिल्यांदा खरं बोलले होते आणि तेसुद्धा माझ्याविरुद्ध.

"खरं आहे?" डॉ. खरातांनी विचारलं.

"खरं आहे. घ्या नोंदीत," मी म्हणाले. "पण आधी शीतपेटी उघडा. आज उघडा. माझी चौकशी नंतर करा."

त्या संध्याकाळी पाच वाजता आदेश निघाला. डॉ. सबनीसांवर खटला भरला गेला, तो अजून चालू आहे. माझ्यावर दोन वर्षं कुठल्याही वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करायची बंदी आली. मी अपील केलं नाही.

ऋषीला दुसऱ्याच दिवशी बंद करणारं औषध मिळालं. पाच महिन्यांनी अंगठा थोडा मिटायला लागला. कात्री धरता येते, पण जाड कापड कापत नाही. पाय परतले नाहीत. अमृता माहेरी गेली नाही. तिने दुकानात कापायचं काम घेतलं. ऋषी माझ्याशी बोलतो. आईच्या औषधांचं बोलतो, गणपतीला कधी येणार विचारतो. ताई म्हणतो. पण माझ्या डोळ्यांकडे बघत नाही. मला त्याचा राग येतो आणि त्याला तो हक्क आहे हेही मला कळतं. दोन्ही एकाच वेळी.

कंपनीने बाकीच्या रुग्णांना पत्रं पाठवली. त्यात लिहिलं होतं, 'खबरदारीचा उपाय म्हणून आपणांस पूरक औषध देण्यात येत आहे'. चूक हा शब्द नव्हता. अडकलं, बुजलं, लपवलं, असला एकही शब्द नव्हता. सत्तावीस जण औषध घ्यायला आलेच नाहीत. आपण बरे आहोत, पूरक कशाला, असं त्यांना वाटलं. मी ते पत्र वाचलं आणि भिंतीवर डोकं आपटावं इतकी चिडले. डॉ. मुजावरांमार्फत मी त्या सत्तावीस जणांचे पत्ते मिळवले. त्यांनी समितीची परवानगी काढली. मला आता दुसरं काम नव्हतंच.

सतरा घरं झाली. काहींनी ऐकून घेतलं. गडहिंग्लजला एका माणसाने माझ्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला आणि मग औषध घ्यायला आला. अठरावं घर तासगावचं होतं. एकोणीस वर्षांच्या ईश्वरीने जाळीचं दार उघडलं. तिला पट्ट्या नव्हत्या. ती सरळ उभी होती, पण कडी काढायला तिने दोन्ही हात लावले होते. ते मी पाहिलं.

मी उंबऱ्याबाहेरूनच सांगायला सुरुवात केली. औषध का घ्यायचं, कधीपर्यंत घ्यायचं. तिने मध्येच थांबवलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"एक वर्ष होऊन गेलं. त्यातले आठ महिने मी कुणालाच सांगितलं नाही."

तिच्या ओठांची कड हलली. मला वाटलं दार लावेल.

"मग बाहेर काय उभ्या आहात?" ती म्हणाली. "आत या. माझ्या आईसमोर बोला."

मी चपला काढून आत गेले. आई भाजी निवडत होती. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. चौतिसाव्या रुग्णाचा काप, चहा, दिवाळी, सगळं. त्या बाई ओरडल्या नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी हात पदराला पुसले, कोनाड्यातून वही आणि पेन आणलं आणि कोरं पान उघडलं.

"हे ज्यांनी केलं त्यांचं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "आणि तुमचंही."

मी दोन्ही नावं सांगितली. त्यांनी ती एकाखाली एक लिहून घेतली.